तांबडी साय

दुपारी बाराच्या सुमाराला ती सगळ्यात जास्त पसरलेली असे. वाळूवर, दगडांच्या पाठीवर, पंपाच्या नळीवर, जिथे म्हणून उजेड पडे तिथे. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते तशीच, पण रंगानं जांभळट तांबडी, बीट उकडलेल्या पाण्यासारखी. तिच्या अंगावर मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले असत. ते फुगत जात आणि साईचा एखादा तुकडा अलगद उचलून वर नेत. रात्री दिवा मालवला की ती आकसे. सकाळी वाटे, गेली एकदाची. दुपारपर्यंत पुन्हा सगळीकडे.

आमच्या पुण्यातल्या घरातली ही काचेची टाकी दोनशे लिटरची आहे. पाणी खारं, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, समुद्रात असतं तेवढं. मुलगा दहावी झाला तेव्हा त्यानं हीच एक गोष्ट मागितली होती. टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे, निळे डॅमसेल आहेत आणि दिवसभर तोंडानं वाळू चाळत बसणारा एक गोबी आहे. प्रवाळ मात्र नाहीत. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, संरक्षण आहे. मालवणचं प्रवाळ मालवणच्या समुद्रातच राहायला हवं, हे मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या टाकीतले दगड भट्टीत भाजलेल्या मातीचे आहेत.

आई आमच्याकडेच असते. ती घाटघरची. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी तिचं माहेर. ओढ्यातले मासे आणि खाचरातले खेकडे तिच्या ओळखीचे. समुद्रातला जिवंत मासा तिनं पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत, मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय दाखवायला लग्नानंतर बाबा तिला घेऊन गेले होते. “काचेमागून सारखी तोंडं हालवीत व्हते, कायतरी मागितल्यागत,” असं ती आजही सांगते. आमची टाकी आली तशी ती रोज पहाटे तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागली.

सातव्या महिन्यात तांबडी साय दिसली. आधी मागच्या कोपऱ्यात, रुपयाएवढी. पंधरा दिवसांत तिनं अर्धी वाळू झाकली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हिला लोक तांबडं शेवाळ म्हणतात, पण ती शेवाळ नाही हे मला माहीत होतं. हे सायनोबॅक्टेरिया, जुन्या पाठ्यपुस्तकातलं नीलहरित शैवाल. वनस्पतींसारखे सूर्यप्रकाशावर जगणारे, पण मुळात जिवाणू. फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्यानं त्यांच्यातल्या काहींना हा तांबडा रंग येतो. साईवरचे ते बुडबुडे प्राणवायूचे. दर जूनमध्ये मी नव्या वर्गाला सांगते की सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. आपण घेतो त्या श्वासाचं मूळ यांच्यापाशी जातं. आणि आता तेच माझ्या दिवाणखान्यात, माझ्या मुलाच्या माशांवर उठले होते.

पहिल्यांदा मी ती पुसली. दगड बाहेर काढून ब्रशनं घासले. दोन दिवसांत साय परत. मग बारीक नळी घेऊन, एक टोक तोंडानं ओढून, दुसरं वाळूवर फिरवत ती शोषून काढायला लागले. दर रविवारी वीस लिटर पाणी तिच्यासकट बादलीत आणि तेवढंच नवं खारं पाणी टाकीत. बादलीत ती सुटी होऊन तरंगे, बोटाला बुळबुळीत लागे आणि तिला ओल्या, कुजट मातीचा वास येई. आठवडाभर बरं वाटे, पुन्हा तेच.

पाण्याची चाचणी केली तर नायट्रेट जवळपास शून्य. मला वाटलं, पाणी तर स्वच्छ आहे, मग ही जगते कशावर? उत्तर समोरच होतं, कळायला वेळ लागला. पाण्यात नायट्रेट उरलं नव्हतं कारण तिनंच ते खाऊन टाकलं होतं. जेवण झाल्यावर रिकामं ताट बघून इथे कोणी जेवलंच नाही म्हणावं, तशी ती चाचणी मी वाचत होते. शिवाय या कुळातल्या कितीतरी जाती हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेतात. त्यांना बाहेरून मुख्यतः फॉस्फरस मिळाला की पुरे.

मग एका दुकानदारानं औषध दिलं. मुख्य घटक एरिथ्रोमायसिन, माणसांना देतात तेच प्रतिजैविक. साय जिवाणूंची, म्हणून ते तिच्यावर चालतं. खरंच, दोन दिवसांत टाकी लख्ख झाली. वाळू इतकी पांढरी होती हे मी विसरूनच गेले होते. पण मेलेली साय जाणार कुठे? ती पाण्यातच कुजली, कुजताना प्राणवायू खाऊ लागली. तिसऱ्या पहाटे सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकत होते. आम्ही हवेचा पंप लावला, बादल्या भरभरून पाणी बदललं. तरीही एक डॅमसेल गेला. मुलगा काही बोलला नाही. त्यानं तो लहानशा डबीत ठेवला आणि खालच्या बागेत पुरून आला. महिन्याभरात मागच्या कोपऱ्यात पुन्हा रुपयाएवढी तांबडी साय उगवली.

त्याच वैशाखात आम्ही घाटघरला गेलो.

घाटघरचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला तिथला वैशाख खरा वाटत नाही. चार महिने आभाळ अक्षरशः ओतत असतं. समोरच्या माणसाचा चेहरा धुक्यात दिसत नाही. पण काळ्या कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही. काही कड्यावरून कोकणात उडी घेतं, काही कुकडीच्या खोऱ्यातून माणिकडोह धरणाकडे जातं. उन्हाळ्यात माथ्यावर उरतात ती भेगाळलेली खाचरं, वाळत घातलेला बाळहिरडा आणि हंड्यांची रांग. जुन्या माणसांनी हे ओळखलं होतं. म्हणून नाणेघाटाच्या तोंडाशी कातळात टाकी कोरली, जीवधनवरही कोरली. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी कल्याण-सोपाऱ्याकडून हा घाट चढून जुन्नरच्या पेठेकडे निघाला की त्याचा पहिला घोट तिथला असणार.

मामाच्या वस्तीवरच्या विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. पाणी तळाला गेलेलं. दोन पोरं खाली उतरून घमेली भरत होती, वरचे दोरानं ओढत होते. काठाच्या दगडांवर हिरवीकाळी बुळबुळ सुकून पापुद्रे झाली होती. गाळ काळा, लोण्यासारखा मऊ, आणि त्याला तोच वास, माझ्या बादलीला यायचा तो. मी मामाला टाकीची हकिकत सांगितली. घासलं, शोषलं, औषध घातलं, सगळं.

त्यानं घमेलं रिकामं केलं, हात झटकले.

“ताई, वरची बुळबुळ काढून काय व्हतंय? खाली गाळ हाये तवर ती येनारच. गाळ कशाचा व्हतो ते बघ आधी.”

मग त्यानं विहिरीभोवती हात फिरवून मला एकेक दाखवलं. काठाला झाड वाढू द्यायचं नाही, कारण पाला आत पडतो. गुरांना इथे पाणी पाजायचं नाही, त्यांच्यासाठी डोणी खाली बसवलेली, कारण शेणाचा थेंबही आत जायला नको. आणि पाणी उपसत राहायचं. ज्या विहिरीवर राबता नाही तिचं पाणी आधी बिघडतं. “हालतं पानी निवळ ऱ्हातं,” एवढं बोलून तो पुढच्या घमेल्याकडे वळला.

मी काठावर बसून राहिले. पाला, शेण आणि थांबलेलं पाणी. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर सेंद्रिय गाळ, फॉस्फरस-नायट्रोजनचा पुरवठा आणि प्रवाहाचा अभाव. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांवरच्या पुस्तकांत या सायीची हीच तीन कारणं दिलेली असतात. मी ती वाचली होती. पण गाळाचं घमेलं समोर ओतलेलं पाहेपर्यंत मी सायीशीच भांडत होते. पाण्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी आईला घेऊन नाणेघाटाच्या लेण्यापाशी गेले. एका बाजूला नानाचा अंगठा हा कडा, वाटेच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, आणि लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला तो मानला जातो. त्यात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात काय दिलं याचा हिशेब. गाई इतक्या, घोडे इतके, कार्षापण इतके, तेही आकड्यांत. भारतातल्या अगदी जुन्या अंकलेखनाचा नमुना म्हणून अभ्यासक या भिंतीकडे येतात. मी कितीदा तरी ती भिंत पाहिली असेल, पण त्या दिवशी मनात आलं की इथे दान कोरून ठेवलं आहे आणि दानही मोजून ठेवलं आहे. या डोंगरावर मोजण्याशिवाय कधी भागलंच नसावं.

आई रांजणाजवळ टेकली. तिचे आजोबा याच वाटेनं खालून, वैशाखऱ्याच्या अंगानं, डोक्यावर मीठ आणि सुकट घेऊन चढत, असं तिनं सांगितलं. “मीठ सांडलं तर आजी वाळूतून वेचून काढायची,” ती म्हणाली. मग बराच वेळ कोकणाकडे बघत राहिली.

पुण्याला परतल्यावर गाळ कशाचा होतो ते मी बघायला लागले. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी जवळजवळ हलत नव्हतं, ते सापडलं. नळाचं पाणी तसंच वापरत होतो, तेही सापडलं. पण एवढ्यानं एवढी साय धरावी असं वाटेना. खाद्याची डबी मात्र दोन महिन्यांची तीन आठवड्यांत संपत होती. मुलगा शपथेवर सांगत होता की तो दिवसातून एकदाच चिमूटभर घालतो.

एका पहाटे पाच वाजता पाणी प्यायला उठले तर दिवाणखान्यात टाकीचा दिवा लागलेला. आई खुर्चीत. मांडीवर डबी. ती चिमटीनं खाद्य घेई, पाण्यावर सोडी, मासे झेपावत, आणि उरलेलं हळूहळू गोल फिरत मागच्या कोपऱ्यात जाऊन बसे, अगदी तिथेच. मग ती पुन्हा चिमूट घेई.

“आई, किती वेळा घालतेस?”

ती दचकली नाही. “तोंडं उघडत्यात गं ती. सारखी उघडत्यात. भुकेलं तोंड समोर असताना मी तशीच कशी बसू?”

मासे तोंड उघडतात ते श्वास घ्यायला. पाणी तोंडातून आत, कल्ल्यांवरून बाहेर. मी हे दरवर्षी शिकवते, आकृतीसह. पण ते वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. कारण मला तिच्या तोंडून ऐकलेला आषाढ आठवला. आवणी चालू, दिवसभर कंबरेत वाकून चिखलात उभं राहायचं आणि घरातली कणगी तळाला गेलेली. मागच्या वर्षीचा भात संपलेला, नवा यायला अजून तीन महिने. पाच भावंडं. धाकट्यानं तोंड उघडलं की आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, पेजेत आणखी पाणी घालायचं. ती तोंडं पाहिलेल्या बाईला काचेमागचं हलतं तोंड श्वासाचं आहे हे आकृतीनं कसं कळावं?

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तो मागचा कोपरा दाखवला. न खाल्लेलं खाद्य तिथे कसं साचतं, कुजतं. हे खाद्य मुळात मासळीच्याच पुडीचं, त्यात फॉस्फरस भरपूर. माशांनी खाल्लं तर विष्ठेतून, नाही खाल्लं तर कुजून, दोन्ही वाटांनी ते पाण्यातच राहतं. तेच सायीचं खत. आई बराच वेळ त्या तांबड्या कोपऱ्याकडे पाहत होती.

“म्हंजी मी घातलं ते हिनं खाल्लं,” ती म्हणाली. आणि मग, “वैशाखात हंडा आला की आई तीन वाटे करायची. प्यायचा, रांधायचा, वासराचा. एका वाट्याचं दुसऱ्यात नाय जाऊ द्यायची. हे आपलं तसंच की.”

त्या दिवसापासून खाद्य घालण्याचं काम आईकडे दिलं, फक्त तिच्याकडे. मुलानंही हात लावायचा नाही. मिठाच्या सटातला लहान चमचा तिनं त्यासाठी काढून ठेवला. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढंच, दिवसातून एकदा, आणि रविवारी उपास. माप तिनं चार दिवसांत स्वतःच बसवलं, मला सांगावं लागलं नाही.

बाकीचं आम्ही केलं. मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून दुसरा छोटा पंप लावला. मीठ कालवायला गाळण यंत्राचं शुद्ध पाणी वापरू लागलो. दर रविवारी वाळूवरची साय आणि खालचा गाळ नळीनं शोषून वीस लिटर पाणी बदलायचं, हे चालूच ठेवलं. मग तीन दिवस टाकीला पूर्ण अंधार दिला, कारण उजेडाशिवाय ही साय तग धरत नाही आणि माशांचं तीन दिवसांत काही बिघडत नाही. झाकायला मी चादर शोधत होते. आईनं तिच्या माहेरची गोधडी आणली, जुन्या लुगड्यांची, सहा पदरी. टाकी तिच्यात गुंडाळली तेव्हा दिवाणखान्यात कुणीतरी निजलं आहे असं वाटत होतं. तीन दिवस आई आवाज न करता वावरली.

चौथ्या दिवशी गोधडी काढली. साय फिकट, विरलेली, कडा सुटलेल्या. शोषून काढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली पण पातळ. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याहून पातळ. लख्ख, एका रात्रीत, असं यावेळी काही झालं नाही. सहा आठवडे लागले. खताची वाट बंद झाल्यावर विहीर जशी हळूहळू निवळते, तशी टाकी निवळली. गोबी पुन्हा वाळू चाळू लागला आणि खालची वाळू वर येऊ लागली, पांढरी.

आषाढात आवणीला आम्ही परत घाटघरला गेलो. आता डोंगर ओळखू येत नव्हता. जीवधनच्या ओल्या कड्यांवर काळे ओघळ उतरले होते. असे ओघळ बहुधा सायनोबॅक्टेरियांचेच असतात, हे मी मुलाला दाखवलं. वाट निसरडी करणाऱ्या बुळबुळीतही त्यांचा वाटा असतो. आणि खाचरात, रोपांच्या मधल्या संथ पाण्यावर, हिरवट-निळसर साय तरंगत होती. मुलानं ती लगेच ओळखली आणि दचकून मामा-आजोबांकडे पाहिलं, काढायची का म्हणून.

“ऱ्हाऊ दे तिला. भाताला बरी असती,” मामा म्हणाला.

त्याला ते त्याच्या बापानं सांगितलेलं. शास्त्राच्या बाजूनं, ढाक्याला काम करणाऱ्या पी. के. डे यांनी १९३९ साली प्रयोगांनी दाखवून दिलं की भातखाचरांची सुपीकता टिकते त्यात या नीलहरित शैवालांचा मोठा हात आहे. ती हवेतला नायट्रोजन बांधून मातीला देतात. पुढे बनारसच्या आर. एन. सिंहांनी आणि इतरांनी ते काम वाढवलं. एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र त्यांच्याकडून मिळू शकतं असं कृषिशास्त्रज्ञ सांगतात, आणि निळ्या-हिरव्या शेवाळाचं जिवाणू खत आता भातासाठी मुद्दाम वापरलं जातं. तिकडे समुद्रात याच कुळातलं ट्रायकोडेस्मियम पावसाळ्यापूर्वी गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर पट्टेच्या पट्टे पसरतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९७०च्या दशकात त्याचा अभ्यास केला. तेही समुद्राला नत्र पुरवतं. डोंगरावरचं खाचर आणि घाटाखालचा दर्या, दोन्हींना घास भरवणारं हे एकच घराणं.

मी गुडघाभर चिखलात उभी होते. हातात रोपांची जुडी, बोटांना ती साय लागलेली, टाकीतल्यासारखीच बुळबुळीत. इतके महिने मी हिला घालवायला निघाले होते. पण खाचरात तिला राहू देणारा मामा विहिरीतून तिला काढतो, आणि दोन्ही वेळा त्याचं बरोबर असतं. कुठल्या पाण्यात तिला किती जागा द्यायची, हे तो पाहतो. ती जागा आपण देतो. गाळानं, पाल्यानं, शेणानं देतो, आणि कधीकधी प्रेमानं हात सैल सोडून देतो. माझ्या टाकीत ती आईच्या प्रेमावर पोसली होती. ते प्रेम कमी करण्याचा प्रश्न कधीच नव्हता. त्याला हंड्याचं माप हवं होतं, आणि ते माप आईपाशीच होतं.

मागच्या दगडाखाली, पंपाची धार पोहोचत नाही तिथे, अजून एक ठिपका आहे. रुपयाएवढा. गेले कित्येक महिने तो तेवढाच आहे. मी त्याला हात लावत नाही. पाण्यात काही वाढलं तर तोच मला आधी सांगेल.

आज सकाळी लवकर जाग आली. टाकीचा दिवा लागला होता. आई खुर्चीत, हातात मिठाच्या सटातला चमचा. मासे काचेशी येऊन तोंडं उघडत होते. तिनं चमचा पाण्यावर नेला, क्षणभर थांबली, बोटानं त्यातले चार दाणे मागे सारून डबीत टाकले, आणि मग उरलेलं पाण्यावर सोडलं.